खणीवरची गुरमीत

गुरमीतला कुणी "तुमी मूळच्या कुठल्या?" असं विचारलं, की ती "खणीवरची" म्हणायची. विचारणारा जरा चपापायचा, कारण खणीवरची म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग तो सावरून म्हणायचा, "तसं न्हवं. त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी खणीच्या पलीकडं होतो. छप्पर गळायचं, म्हणून अलीकडं आलो."

एवढ्यावर सोडेल तर ती गुरमीत कसली! "आता तुमचं सांगा, पावणं," म्हणून ती त्याचं गाव, भावकी, मामाचा गाव, सगळं काढून घ्यायची. आपण तोंड कशासाठी उघडलं होतं हे त्या बिचाऱ्याला शेवटी आठवायचं नाही. खरं तर त्याला विचारायचं असायचं ते एवढंच, की दारातून आत येताना वाकावं लागेल एवढी उंच, कमरेखाली वेणी आणि मनगटात लोखंडी कडं असलेली ही शीख बाई आमच्याहून रांगडं कोल्हापुरी बोलते कशी. पण तिला तसं सरळ विचारायची छाती फार थोड्यांना व्हायची.

दगड काढून काढून झालेला मोठा खड्डा, त्यात साठलेलं हिरवं पाणी, ती खण. तिच्या काठावर आमची वसाहत. महापालिकेच्या पाटीवर तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते फक्त पाटीला माहीत. निम्मी वस्ती आम्हा चामड्याचं काम करणाऱ्यांची. बाकी वडार, मुसलमान, कर्नाटकातून कामाला येऊन इथलेच झालेले लोक, कोपऱ्यावर किराणा दुकानवाले एक जैन काका, आणि सगळ्यांच्या मधोमध हे एक शिखांचं घर. भिजवलेल्या कातड्याचा वास बारा महिने असायचा. दारूचे गुत्तेही होते, ते मी नाकारत नाही. पण गुत्त्यात प्यायला गावातली भली भली माणसं यायची आणि नाव मात्र आमचं खराब व्हायचं. रिक्षावाले म्हणायचे, "खणीपतोर येतो, आत न्हाई." आमची पोरं नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना पलीकडच्या चौकाचं नाव घालायची.

शाळेत एकदा बाईंनी सगळ्यांना उभं करून पत्ता सांगायला लावला. मी चौकाचं नाव सांगून पटकन बसले. माझ्या मागून गुरमीत उठली आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खणीवरची वसाहत, चपलेच्या कारखान्यामागं." आणि बसता बसता वर, "सुनीचं बी तेच की, बाई. ती माझ्या शेजारीच ऱ्हाती." मी तिच्याशी त्या दिवशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, कारण दिवसभर तीच बोलत होती.

तिचे वडील, ज्यांना ती पापाजी म्हणायची आणि म्हणून आम्हीही म्हणायचो, ते ट्रकच्या सीटा शिवायचे. जाड दोरा, सुया, चिकटवायचं सोल्यूशन हे सगळं चपलेच्या धंद्यातलंच सामान, म्हणून त्यांनी आमच्या गल्लीत बिऱ्हाड केलं. त्यांच्या आगेमागे आणखी काही शीख कुटुंबं कोल्हापुरात आली, तीही आधी खणीवरच उतरली. सगळ्यांनी मिळून पापाजींच्या दुकानावर एक खोली बांधली आणि तिथं गुरू ग्रंथ साहिब आणून ठेवले. ग्रंथ म्हणजेच त्यांचे गुरू, आणि घरात एखाद्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं तसं ते त्यांना बाबाजी म्हणतात. पुढे बाकीच्यांना बरकत आली. कुणी ट्रक घेतले, कुणी सुट्या भागांचं दुकान टाकलं, आणि एकेक करून ती घरं चांगल्या भागात राहायला गेली. पापाजी आणि बाबाजी तेवढे खणीवर राहिले. रविवारी मोटारी घेऊन सगळे या वरच्या खोलीत यायचे, कीर्तन व्हायचं, आणि मग खाली लंगर. लंगरात आम्ही सगळेच जेवायचो. गुरमीतची आई, बीजी, डाळीला आमची कांदा-लसूण चटणी घालायची आणि जैन काकांसाठी एक छोटं पातेलं बिनकांदा-लसणाचं वेगळं ठेवायची. पंजाबातून एकदा त्यांचे नातेवाईक आले होते, ते ती डाळ खाऊन घामाघूम झाले आणि गुरमीत त्यांना म्हणाली, "ह्येच्यापेक्षा तिखट आमी बारशाला खातो."

खोलीत जायचं तर पाय उघडे आणि डोकं झाकलेलं हवं. त्यामुळे जिन्याखाली चपलाबुटांचा ढीग पडायचा, आणि त्या ढिगापाशी लहानपणापासून गुरमीत बसलेली असायची. हिला जोडा-सेवा म्हणतात. आलेल्या प्रत्येकाचे जोडे दोन्ही हातांनी घ्यायचे, फडक्यानं पुसायचे, रांगेत लावायचे, आणि शेवटी ते फडकं आपल्या कपाळाला लावायचं. पापाजींचं सांगणं असं, की वर बाबाजींपुढं डोकं टेकायच्या आधी खाली जोड्यांपाशी वाकता आलं पाहिजे, नाहीतर वरचं वाकणं खोटं. गुरमीतनं ते असं अंगात मुरवून घेतलं, की लग्न असो, बारसं असो, शाळेचं गॅदरिंग असो, दाराबाहेर चपला विस्कटलेल्या दिसल्या की तिचे हात आपोआप चालायला लागायचे. बोलण्यात खंड नाही, आणि खाली चपला जोडीनं लागताहेत. वस्तीतली आम्ही पोरंही हौसेनं तिच्या जोडीला बसायचो.

या सवयीपायी तिच्या हातून एक चूक झाली. आम्ही बारावीत होतो तेव्हाची गोष्ट.

माझ्या थोरल्या बहिणीला बघायला मुरगूडकडचे पाहुणे यायचे होते. आमच्याच जातीचे, पण धंदा सोडून नोकरीला लागलेले. माझे वडील, अण्णा, यांनी त्या दिवसाची अशी तयारी केली होती की विचारू नका. रापी, आरी, ऐरण, सगळी हत्यारं पोत्यात भरून पापाजींच्या दुकानात नेऊन ठेवली. भिंतीला चुना मारला. उदबत्त्या एवढ्या लावल्या की आम्हाला खोकला लागला. कामाचा विषय कुणी काढायचा नाही अशी ताकीद होती. गुरमीत मला पोहे करायला मदत करत होती. पाहुणे आत बसले, बोलणी चांगली चालली होती. ती मोकळ्या बश्या घेऊन बाहेर गेली, दारात पाहुण्यांचे बूट आणि चपला अस्ताव्यस्त पडलेल्या दिसल्या, आणि बाईसाहेब खाली बसून ओढणीच्या टोकानं ते पुसायला लागल्या.

मुलाचे वडील तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर आले. आपले बूट चकचकीत होऊन रांगेत लागलेले बघून हसले आणि आत वळून अण्णांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वस्तीनं वळण लई जपलंय की! आमी ह्यातनं भाईर पडून जमाना झाला, बाबा."

चहा झाला, पाहुणे गेले. स्थळ तर गेलंच, मध्यस्थानं कारण सांगितलं, "वस्ती जरा..." पण अण्णांना स्थळाचं दुःख नव्हतं. माझ्या बहिणीचं पुढं चांगलंच झालं. त्यांना लागलं होतं ते दुसरंच. पाहुणे वळणाआड गेल्यावर त्यांनी गुरमीतला समोर बोलावलं. एरवी आमचे अण्णा बोलले की खणीतली बदकं उडायची. त्या दिवशी आवाज चढलाच नाही.

"गुरमीत, तुला ह्ये कुणी कराय सांगितलं?"

"कुणी न्हाई, अण्णा. माझं मीच. आमच्यात ह्ये सगळ्यात मोठं काम हाय."

"तुमच्यात असंल. तुला नगं वाटलं तर उद्या सोडशील, कोण काय म्हणणार न्हाई. आमच्याकडनं ह्ये करून घेतलंय लोकांनी. माझ्या बापाला दुसऱ्याची पायताणं डोक्यावर घेऊन वढा वलांडाय लावलाय. माझ्या पोरांच्या हातात ह्ये पुन्हा दिसू ने म्हणून मी मरमर मरतोय, आणि तू माझ्याच दारात..."

गुरमीत गप्प उभी होती. ती गप्प उभी आहे हे दृश्यच मला नवीन होतं. घरी जाऊन तिनं पापाजींना सगळं सांगितलं. त्यांनी शिवणयंत्र थांबवलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अण्णा ठीक बोलला."

मी असते तर महिनाभर तोंड लपवलं असतं. ही दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हजर. अण्णा दात घासत होते.

"अण्णा, माझं चुकलं. पर सेवा मी सोडणार न्हाई."

अण्णांनी चूळ भरली. "मग कशाला आलीयास?"

"ह्ये सांगाय, की खणीवरचं एक बी पोरगं आता तिथं बसणार न्हाई. ज्याला वाकायची सवय न्हाई, त्यानं वाकायचं. ज्याला वाकीवलंय, त्यानं न्हाई. मला कळलंय आता."

अण्णा तांब्या उचलून आत गेले. तिच्यावरचा त्यांचा राग फार दिवस टिकला नाही, पापाजींशी दोस्ती तर कधी तुटलीच नव्हती. फक्त वरच्या खोलीच्या त्या जिन्याकडं ते पुन्हा फिरकले नाहीत. बीजी त्यांचं लंगरातलं जेवण डब्यात घालून घरी पाठवायची. ते चवीनं खायचे आणि डबा घासून परत द्यायचे. गुरमीतला हे सलत राहिलं. बोलायची नाही, पण दर रविवारी डबा भरताना तिचं तोंड उतरायचं ते मी बघत होते.

पुढं ती एसटीत कंडक्टर झाली, आणि मला वाटतं परमेश्वरानं तो आवाज त्याच कामासाठी घडवला होता. गारगोटी, गडहिंग्लज असे तिचे मार्ग. खाकी कपड्यांवर ती वेणी, आणि "पावणं, दारात काय खजिना पुरलाय? म्होरं सरका की!" ही गर्जना. गडहिंग्लजकडच्या म्हाताऱ्या बायकांना ती कानडीत "अव्वा" म्हणून हाताला धरून चढवायची. एकदा मी तिच्याच गाडीत होते. एका शहाण्यानं तिच्याकडं बघून हिंदीत सुरुवात केली, "बहनजी, गारगोटी कब आएगा?"

"गारगोटी कुठलं येतंय, पावणं? आपणच जायाचं हाय."

तो खूश झाला. "वा, मराठी चांगलं बोलतायसा की!"

"तुमी बी बरं बोलताय. मी काय म्हटलं का?"

आणखी एक प्रसंग वस्तीत अजून सांगतात. गाडी खणीजवळून चालली होती आणि कॉलेजच्या दोन पोरांनी नाकाला रुमाल लावला, "आलं बघ खणीवाल्यांचं." गुरमीतनं टण्णदिशी बेल मारून गाडी थांबवली आणि त्यांच्याजवळ जाऊन आईच्या मायेनं म्हणाली, "मळमळायलंय व्हय, बाळांनो? जावा, भाईर मोकळं होऊन या. गाडी थांबतीया." सगळी गाडी हसत होती, ती पोरं लाजेनं लाल झाली होती, आणि ती खरंच दार उघडून उभी. "लाजू नगासा. मी हितलीच हाय, पाणी आणून देतो."

अशा बाईला काळजी कसली असणार असं कुणालाही वाटेल. पण होती. ती वरची खोली.

खोलीचे प्रधान म्हणजे कमिटीचे मुख्य, ट्रान्सपोर्टवाले. हे गृहस्थ लहानपणी खणीवरच वाढलेले. तेव्हा त्यांना सगळे बिट्टू म्हणायचे, आणि खणीच्या काठावर सायकल शिकताना ते दोनदा पाण्यात पडल्याची गोष्ट आमचे अण्णा रंगवून सांगायचे. माणूस वाईट नव्हता. गल्लीत कुणी आजारी पडलं तर आपली गाडी पाठवायचा. पण एका गुरुपर्वाला, म्हणजे गुरू नानकांच्या जयंतीला, त्यांचे नवेकोरे पांढरे बूट जिन्याखालून गेले. गुरमीतनं घर न् घर पालथं घातलं. वस्तीनं सगळा आळ कुत्र्यावर टाकला, पण गुरमीत म्हणाली, "कुत्रं दोन्ही पायांचे नेत नसतंय." नेलेही असतील कुणी. आमच्यात काय सगळेच संत नव्हते. बूट सापडले नाहीत ते नाहीतच.

त्यानंतर हळूहळू एक पद्धत पडली. मोटारीतून येणारी मंडळी आपले बूट मोटारीतच काढायला लागली. गाडी मोठ्या रस्त्यावर उभी करायची, बूट आत ठेवून दार बंद करायचं, आणि तिथून जिन्यापर्यंत अनवाणी किंवा मोज्यांनी चालत यायचं, खडे टोचत, चिखल चुकवत. ज्या वस्तीनं अख्ख्या गावाच्या पायात चपला घातल्या, तिथं चपला चोरीला जातील म्हणून ही वरात. अण्णा दारात बसून ती बघायचे आणि हातातल्या कातड्यावर जरा जास्तच जोरात हातोडी मारायचे.

मग दोन वर्षांपूर्वी कमिटीत ठराव आला, की खोली इथून हलवून महामार्गाच्या बाजूला मोठा हॉल बांधावा. गाड्या लावायला जागा, स्वच्छ परिसर. पापाजी आता थकले होते, त्यांनी मान खाली घातली. गुरमीत ड्यूटीवरून थेट खाकीतच बैठकीला गेली होती. मी तोवर पुण्याला राहायला आले होते, त्यामुळं तिथं काय झालं ते तिनं मला फोनवर सगळ्यांचे आवाज काढून सांगितलं.

प्रधानजी म्हणाले, "बेटा, राग मानू नको. पोरंबाळं इथं यायला नको म्हणतात. वस्ती कशी आहे तुला माहीत आहे."

"मला म्हाईत हाय. तुमाला बी म्हाईत हाय, तुमी हितंच पोहाय शिकलाय," ती म्हणाली. "आजपतोर लोक आमाला वाईट म्हणायचे, तर मी म्हणायची, लोकांचं काय घेऊन बसलाय. पर बाबाजी जर हितनं उठून चांगल्या वस्तीत ऱ्हायला गेले, तर मग आमी वाईटच ठरलो की. ते तर लोक न्हवंत. मग मी कुणाला काय सांगू?"

एवढ्यावर बैठक थांबली असती तर पुढच्या महिन्यात हॉलची पायाभरणी झाली असती. पण गुरमीतचं डोकं वेगळं. ती पुढं म्हणाली, "हलवायच्या आधी एक करा. येत्या गुरुपर्वाला जोडा-सेवेला तुमी बसा. सगळ्या कमिटीनं. एक जोड जरी गेला, तर मी माझ्या हातानं सामान भरून देतो."

आता जोडा-सेवेला कोण नाही म्हणणार? तिथं नाही म्हणणं म्हणजे मी वाकायला तयार नाही असं चारचौघांत सांगणं. प्रधानजींनी हात जोडून हो म्हटलं. मला सांगताना ती फोनवर एवढी हसली, की मलाही इकडं पुण्यात हसू आवरेना. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "सुने, अण्णांची चप्पल मी बिट्टूच्या हातात देणार. त्याबिगर माझ्या जिवाला चैन न्हाई."

त्या गुरुपर्वाला मी मुद्दाम कोल्हापूरला गेले. दिवाळी होऊन गेलेली, हवेत जरा गारवा, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. जिन्याखाली मोठी सतरंजी अंथरून प्रधानजी आणि कमिटीची मंडळी बाह्या सरसावून बसली होती. खरं सांगते, मनापासून करत होती. वस्तीतली माणसंच जास्त अवघडली होती. मोटारीतून फिरणारा माणूस आपली झिजलेली स्लिपर दोन्ही हातांनी मागतोय म्हटल्यावर काय करावं कुणाला कळेना. एक वडारीण मावशी चपला पाठीमागं लपवून उभी राहिली. पोरांना नुसती जत्रा झाली होती, एक जण तर घरी जाऊन पुन्हा बूट घालून आला. गुरमीत जिन्यात उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती. मोटारवाली पाहुणेमंडळी मात्र सवयीप्रमाणे रस्त्यावरून अनवाणीच येत होती आणि जोड्यांना वळसा घालून वर जात होती. त्यात वावगं काही आहे असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं, गुरमीतच्याही नाही.

सकाळीच ती आमच्या घरी येऊन अण्णांना म्हणाली होती, "अण्णा, आज तुमची चप्पल बिट्टू घेणार हाय. चला." अण्णा नुसते हं म्हणाले होते. दुपारी पाहते तर धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, पायात स्वतःच्या हातची करकरणारी चप्पल, असे अण्णा गल्लीतून चालत येत होते. इतक्या वर्षांनी. गुरमीतनं मला बघितलं आणि माझा दंड असा दाबला की वळ उठला.

प्रधानजी लगबगीनं उठले, पुढं आले, वाकले आणि दोन्ही हात पुढं केले. "अण्णा, द्या."

अण्णांनी चप्पल काढली नाही. ते प्रधानजींच्या पायांकडं बघत होते. पाय उघडे होते, धुळीनं भरलेले.

"बिट्टू, तुझे जोडे कुठं हायत?"

प्रधानजींना आधी कळलं नाही. मग ते मागं रस्त्याकडं बघून हळूच म्हणाले, "गाडीत आहेत, अण्णा."

"गाडी कुठं हाय?"

"रस्त्यावर."

"मग माझी कशाला मागतोयास?" अण्णा म्हणाले. "कुणाच्या हातात माझी चप्पल दिऊन मला काय मोठं व्हायाचं न्हाई. मला म्हाईत हाय ते काय असतंय. तुझे घिऊन ये. हितं ठेव. आमच्यात."

वरचा तबला तेवढा ऐकू येत होता. मी गुरमीतकडं बघितलं. हे तिच्या हिशोबात नव्हतं. तिला अण्णांच्या मनातला डंख बिट्टूच्या वाकण्यानं काढायचा होता, आणि अण्णांना कुणाचं वाकणं नकोच होतं. मला भीती वाटली की आता सगळं बिनसतंय, माणूस चिडून निघून जाईल आणि खोलीही जाईल.

प्रधानजी वळले आणि रस्त्याकडं चालू लागले. अख्खी गल्ली त्यांच्या पाठीकडं बघत होती. मोटारीचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. ते बूट पायात घालून परत आले. खडे न टोचता, सरळ चालत. अण्णांच्या समोर खाली बसून त्यांनी ते काढले आणि रांगेत ठेवले. मग अण्णांनी आपली चप्पल काढली, स्वतःच्या हातानं उचलली आणि त्या बुटांशेजारी लावली. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच आधारानं जिना चढले.

नंतर कमिटीतले दुसरे एक जण उठले आणि रस्त्याकडं गेले. मग तिसरे. मग वरून दोघी बायका उतरल्या आणि ड्रायव्हरकडून किल्ली मागून घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत जिन्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. एकही जोड गेला नाही, पण त्या पैजेची आठवणही कुणाला राहिली नव्हती. हॉलचा ठराव पुढच्या बैठकीला निघाला, तेव्हा प्रधानजी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू," आणि कोल्हापुरात पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. खोली जागच्या जागी आहे.

त्यानंतर गुरमीतची आणि माझी गाठ पडलेली नाही. तिला गडहिंग्लजला बदली मिळाली, मी पुण्यात अडकलेली. फोन होतात, म्हणजे ती बोलते आणि मी ऐकते. पण तिचं नाव निघालं की मला ती दिसते ती त्याच दुपारची. माझी गाडी होती, मी निघायच्या घाईत होते. खाली लंगराची पंगत बसली होती आणि अण्णा प्रधानजींच्या शेजारी मांडी घालून बसले होते. गुरमीत रोट्यांची पाटी कमरेवर घेऊन वाढत येत होती. लंगरातली रोटी दोन्ही हात पुढं करून घ्यायची असते, तसे अण्णांनी हात पुढं केले. तिनं वाकून रोटी ठेवली आणि तशीच वाकलेली राहिली. तिला पुढं सरकताच येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं आणि एका हातात पाटी आणि दुसऱ्यात पुढची रोटी असल्यामुळं पुसताही येत नव्हतं.

अण्णांनी जरा सरकून शेजारी जागा केली. "बस. दर खेपंला शेवटाला जेवतीस. आज हितं बस."

ती बसली. पाटी बाजूला ठेवली, नाक ओढलं, ओढणी डोक्यावर नीट घेतली, आणि मग साऱ्या खणीवर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "वाढणारी कुठं मेली सगळी? हिकडं अण्णांना डाळ आणा की! आणि मला बी आणा, भूक लागलीया!"